डाव्या बाजूचे व्होल्ट

१

आतल्या खोलीचं दार लागलं, की बाहेरच्या खोलीतल्या रेडिओचा आवाज वाढवायचा. का, ते विचारायचं नाही.

वैभवीला हा नियम शिकवला गेला तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि शिकवला तोही खेळ म्हणून. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत व्हॉल्वचा मोठा रेडिओ होता. लाकडी खोकं, पुढे सोनेरी कापड, आणि उजव्या अंगाला लाडवाएवढं गोल बटण. आप्पा ऑफिसातून यायचे, चपला कोपऱ्यात काढायचे आणि आत जायचे. आई त्यांच्या मागोमाग जायची. कडी लागायची. मग वैभवीने पाटावर चढून ते बटण दोन्ही हातांनी फिरवायचं. बातम्या असोत नाहीतर बाजारभाव, सगळं घर दणाणून जायचं. सात वर्षांनी मोठा भाऊ विश्वजित तोवर बॅट घेऊन पसार झालेला असे. दार उघडलं की आई बाहेर येऊन तिच्या तोंडात खडीसाखर घालायची आणि म्हणायची, "शहाणी गं माझी बाय."

पुढे वैभवी शाळेत गेली, घरात टीव्ही आला, रेडिओ माळ्यावर गेला. आप्पांना डायबेटिस झाला, आणि दार लागायचं हळूहळू बंदच झालं. ती विसरून गेली.

आप्पा रिटायर झाले तेव्हा गाझियाबादच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. रस्ते अजून कच्चे, पण गच्च्यांवर केबलच्या तारांचं जाळं. विश्वजितला शीतपेयं विकणाऱ्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली. टाय आला, हप्त्यांवर गाडी आली आणि गेल्या वर्षी सांगलीहून त्याची बायको सुनयना आली. महिन्याभरात तो नियमही परत आला. रेडिओच्या जागी आता टीव्ही होता, एवढाच फरक.

"का पण?" वैभवीने शेवटी यंदाच्या एप्रिलमध्ये विचारलं होतं. एकविसावं वर्ष, नुकतीच बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्सची शेवटची परीक्षा दिलेली, आणि का विचारणं हा तर तिचा स्वभावच.

"नवरा-बायकोचं बोलणं असतं," आई म्हणाली.

"बोलणंच ना? मग मला का ऐकू येऊ नये? एरवी या घरात सगळे ओरडूनच तर बोलतात."

"वैभवी, सगळ्याला का विचारायचं नसतं."

"आणि मोठ्यांना तर अजिबातच नाही," आप्पांनी पेपरामागून फर्मावलं.

यावर वैभवीने जे केलं ते तिच्या लेखी बंड होतं. टीव्हीला हात न लावता ती आपल्या टेबलाशी गेली आणि स्वतःपुरता हेडफोन अँप्लिफायर बांधायला घेतला. एकदा कानांवर हेडफोन चढवले की घर आणि घरातली माणसं गेली खड्ड्यात. हेही बटण फिरवणंच होतं, हे तिच्या ध्यानात यायला मे महिना उजाडावा लागला.

२

माळ्यावरचा रेडिओ आई कबाड्याला देणार होती. वैभवीने तो अडवला आणि टेबलावर आणून उघडला.

व्हॉल्व म्हणजे काचेची नळी, आतून बल्बसारखी तांबूस पेटणारी. त्यातून निघालेला आवाज ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो आणि कानाला झेपेल असा होऊन बाहेर पडतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तरी काय, लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. कान दोन, म्हणून जोड्या दोन. डाव्या कानासाठी तिने रेडिओतली जुनी जोडी वापरली. उजव्यासाठी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून घासाघीस करून तसलीच दुसरी आणली. हेडफोन मामाने मस्कतहून पाठवलेले होतेच.

मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी तिने यंत्र चालू केलं. कॉलेजातल्या सरांनी शिकवलं होतं, दोनशे व्होल्टच्या आसपास काम करताना एक हात कायम खिशात. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून हृदयावरून दुसऱ्या हातात जातो. कारण सांगितलेला नियम वैभवी निमूट पाळायची. सलवारीला खिसा नव्हता, म्हणून तिने डावा हात ओढणीने कमरेशी बांधला आणि उजव्या हाताने मीटरची सुई टेकवली.

उजवी बाजू : दोनशे दोन. उत्तम.

डावी बाजू : दोनशे दोन. तिने आकडा वहीत लिहायला घेतला, तेवढ्यात तो एकशे दहावर कोसळला आणि परत वर आला. पुन्हा कोसळला, पुन्हा वर.

"काय इंजिनिअरबाई, लागला का शोध?" विश्वजित टाय बांधत दारात उभा होता. "कुणाशी बोलतेस त्यावर? मंगळावर?"

"मंगळावर तरी कुणी धड बोलत असेल."

"यार, हिला आवरा कुणीतरी." तो हसला. त्याचं हसू छान होतं. सगळ्या सोसायटीचं तसं मत होतं. "आप्पा, हिच्या सासरी हुंड्यात सोल्डरिंगची इस्त्रीच देऊ."

"आधी ती जाऊ दे तर सासरी," आप्पा म्हणाले.

वैभवीने लक्ष दिलं नाही. गाझियाबादची वीज म्हणजे कायमचा हेलकावा. फ्रिजचा स्टॅबिलायझर दिवसभर टकटक करायचा. पण वीज हलली असती तर दोन्ही बाजू हलल्या असत्या. उजवी बाजू दोनशे दोनवर दगडासारखी स्थिर होती.

डावी मात्र कुणीतरी बुक्की मारावी तशी खाली बसत होती.

३

दोष शोधायची रीत सरळ असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुणाच्या मागे जातो ते बघायचं.

तिने दोन्ही व्हॉल्व आपसात बदलले. दोष डावीकडेच राहिला. एकेक सुटा भाग काढून नवा घातला, जोड पुन्हा झाळले. तरी डावीकडेच. गुरुवारी दुपारी तिने ट्रान्सफॉर्मरची अदलाबदल केली, आणि दोष जुन्या ट्रान्सफॉर्मरबरोबर उजवीकडे गेला.

म्हणजे तोच. आत तार कुठेतरी कच्ची झाली असणार, तापली की जोड सुटत असणार. इतकं साधं होतं. फक्त तारेचा जोड सुटतो तो कसाही सुटतो, त्याला ठेका नसतो. तिने घड्याळ लावून वहीत खुणा करायला सुरुवात केली.

दोन. थांबा. तीन. थांबा. एक, बराच लांबलेला. मग चाळीस सेकंद काही नाही. मग मीटरवरचा आकडा थेट शून्य. आणि काही मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून.

तिने तीनदा लिहिलं. तीनदाही तेच आलं.

"वन्सं, चहा." सुनयना कप घेऊन आली होती. ती वैभवीहून दोनच वर्षांनी मोठी, पण सांगलीच्या पद्धतीने नणंदेला वन्सं म्हणायची आणि दोघींना त्याचं हसू यायचं. "किती दिवस ऑपरेशन चाललंय हे? पेशंट वाचणार का?"

"वहिनी, बघ ना. हा आकडा बघत राहा. आता पडेल."

सुनयना वाकून बघू लागली. दोन. थांबा. वैभवीची नजर सहज तिच्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

आकडा पडायच्या आधी सुनयनाचे खांदे आक्रसत होते. आधी. तिसरी खेप यायच्या अर्धा क्षण अगोदर तिची मान आत गेली, डोळे मिटले, कप बशीवर किणकिणला. मग आकडा पडला.

"तुला कसं कळलं आता पडणार ते?"

"काय कसं कळलं?" सुनयनाने डोळे उघडले. तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिच्या अंगाला ठाऊक होतं. "वन्सं, बंद करा हो ते. डोकं दुखतं बघून."

तिच्या उजव्या हातात बांगड्या होत्या. डाव्यात एकही नव्हती.

"बांगड्या?"

"फुटल्या. कुकरचं झाकण काढताना."

"सगळ्या?"

"आणायच्यात करोल बागेतून," सुनयना म्हणाली आणि पदराने मनगट झाकून निघून गेली.

वैभवीने चहा प्यायला नाही. विचारायला हवं होतं, हे तिला कळत होतं. एरवी ती एका वाक्याला दहा प्रश्न विचारायची. तो एक प्रश्न मात्र तिने विचारला नाही. यंत्र दुरुस्त झाल्यावर विचारू, असं तिने ठरवलं. स्वतःला फसवायला तेवढंसं कारणही पुरतं.

४

त्या रविवारी दुपारी बारालाच लाईट गेली. पंखे थांबले, कूलर थांबला, फ्रिज थांबला. सोसायटीतला सगळा घरघराट एकदम ओसरला आणि खालच्या मजल्यावर विजयालक्ष्मीअम्मा कुणाला तरी तमिळमध्ये रागावत होत्या ते स्वच्छ ऐकू आलं. विश्वजित मित्रांकडे गेला होता. सुनयना कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. आप्पांचं पेपरवाचन चालू, आई स्वयंपाकघरात.

वैभवीने जुना ट्रान्सफॉर्मर यंत्रातून काढून कोरड्या लाकडी पाटावर ठेवला. त्याला ना व्हॉल्व, ना वीज, ना काही. उघड्या तारा हवेत. तारेचा रोध मोजायला तिने मीटर घेतला, पण हात चुकून व्होल्टच्या घरावर थांबला.

मीटरने आकडा दाखवला.

तिने सुया काढल्या. शून्य. परत लावल्या. आकडा उसळला, पडला. दोन. थांबा. तीन.

हे शक्य नव्हतं. मग तिने शक्य काय ते आठवायला सुरुवात केली. ट्रान्सफॉर्मर शेजारच्या विजेचा गुणगुणाट पकडतो. पण वीज गेली होती. लोखंडात थोडं चुंबकत्व मागे उरतं. उरतं, पण ते पडून राहतं, ठेका धरत नाही. मीटर स्वस्तातला आहे. आहे, पण स्वस्त मीटर चुकतो, मोजून चुकत नाही. प्रत्येक कारणाला तिच्याकडे उत्तर होतं.

शेवटी तिने तेच केलं जे कुणीही डोकं ठिकाणावर असलेला माणूस करणार नाही. हेडफोनच्या दोन तारा सरळ ट्रान्सफॉर्मरला गुंडाळल्या आणि हेडफोन कानांवर चढवले.

आधी खरखर. मग खूप लांबून एक माणूस एका सुरात हिंदीतून बाजारभाव सांगत होता. गहू. चना. सरसों. त्याच्या आवाजाखाली काहीतरी होतं, गादी धोपटावी तसं. दोन. थांबा. तीन. प्रत्येक धपक्याबरोबर कुणाच्या तरी फुप्फुसातली हवा हिसकून निघत होती. किंचाळी नाही. किंचाळी तोंडातच दाबून धरल्यावर जे उरतं ते. मग फरशीवरून एक अंग फरफटत गेल्याचा लांबलचक आवाज, आणि दाराच्या फटीला तोंड लावून बोलावं तशी एक बाई, तरुण, धापा टाकत, तरी गोड करून :

"वैभू, मोठा कर गं राजा. आणखी मोठा."

आणि बाजारभाव मोठे झाले. कुणीतरी बटण फिरवलं होतं. दोन्ही हातांनी, पाटावर चढून.

वैभवीच्या तोंडात खडीसाखरेची चव आली. तिला हेडफोन काढता येईनात. चाळीस सेकंद नुसती खरखर राहिली, आणि मग एक आवाज आला जो तिला ओळखता आला नाही, किंवा इतका ओळखीचा होता की मनाने घेतला नाही. लोखंडी पत्रा घणघणला, त्यापाठोपाठ काच कोसळली, आणि काही ओलं, जड खाली घसरलं.

त्यानंतर काहीच नव्हतं. खरखरही नाही.

५

आई ओट्याशी बसून शेंगदाणे पाखडत होती. वैभवी दारात उभी राहिली. कानांवर हेडफोनचे वळ उमटले होते.

"आई, आप्पा तुला मारायचे."

सूप थांबलं नाही. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मी तिथेच होते. बटण मीच फिरवत होते."

"तुला आवडायचं," आई म्हणाली. "बटण फिरवायला मिळालं नाही तर रडायचीस."

"मी चार वर्षांची होते!"

"हळू बोल. आप्पा ऐकतील."

"ऐकू देत. दादा वहिनीला मारतो. तुला माहितीये. टीव्ही मोठा करायला तूच सांगतेस."

आईने आता मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता. समजूत घालण्याआधी मोठी माणसं चेहऱ्यावर जी दमलेली माया आणतात, ती होती. वैभवीला त्या मायेची शिसारी आली.

"हे बघ. माझं झालंच ना सगळं नीट? तुम्ही दोघं शिकलात, घर झालं. आता बसतात की नाही बापडे पेपर घेऊन? होतं सगळं शांत. बाईने थोडं सोसलं आणि ते चार भिंतींबाहेर नाही गेलं, तर सगळं होतं शांत. शेजाऱ्यांनी ऐकलं असतं म्हणजे काय झालं असतं माहितीये? आप्पांचं प्रमोशन गेलं असतं."

"म्हणून ऐकू जाऊ नये एवढंच बघायचं?"

"मी नाही सोसलं?" पहिल्यांदाच आईचा आवाज चिरकला. "माझ्यासाठी कोण आलं होतं गं दार उघडायला?"

बाहेर पेपराचं पान उलटलं. आप्पांनी सगळं ऐकलं होतं आणि पान उलटलं होतं.

मग वैभवीला तो घणघणलेला लोखंडी पत्रा आठवला. तिने विचारलं, "आई, क्वार्टरमध्ये आपल्याकडे लोखंडी कपाट होतं? आरशाचं?"

"तिथे कुठलं? पत्र्याच्या ट्रंका होत्या दोन." आईने सूप पुन्हा हलवलं. "कपाट सुनयनाच्या माहेरचं. आहे की त्यांच्या खोलीत. असं का विचारतेस?"

एकोणीसशे एकोणऐंशीच्या त्या खोलीत कपाट नव्हतं. कानांत घणघणलेलं कपाट या घरातलं होतं, आणि त्याचा आरसा आज सकाळी तरी अख्खा होता.

६

साडेबाराला सुनयना आली, आणि पाठोपाठ विश्वजित. तोंडाला बिअरचा वास. तो हसत नव्हता.

"बूथवर काय करत होतीस?"

"आईला फोन केला. तिची तब्येत..."

"कुणाला विचारून?"

"अहो, दोनच मिनिटं..."

"मेहता उभा होता तिथे. माझ्या ऑफिसातला. त्याच्यासमोर रडत होतीस तू फोनवर. काय सांगत होतीस सांगलीला? बोल ना, आता का दातखीळ बसली?" त्याने तिचं मनगट धरलं, डावं, बिनबांगड्यांचं. "चल आत."

"दादा, सोड तिला," वैभवी म्हणाली.

"तू तुझे व्होल्ट मोज."

आतल्या खोलीचं दार लागलं. वरची कडी लागली.

लाईट अजून आलेली नव्हती. टीव्ही काळा होता. आई स्वयंपाकघरातून बघत होती, आप्पा पेपरावरून. काहीतरी आवाज हवा होता आणि आवाज करायला घरात वीज नव्हती. वैभवीला वाटलं, आता तरी ऐकावं लागेल. आता यांना उठावंच लागेल.

आईने लोखंडी खलबत्ता पुढे ओढला, त्यात मूठभर दाणे टाकले आणि कुटायला लागली.

ठण. ठण. ठण. कूट होऊन पीठ झालं तरी ती कुटत होती. आणि बाहेरच्या खोलीत आप्पांनी घसा खाकरला, पेपर नाकासमोर धरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "नवी दिल्ली, ता. अकरा. निर्गुंतवणुकीच्या प्रश्नावर सर्व पक्षांशी सल्लामसलत करण्यात येईल, असे..." बत्तीस वर्षं सरकारी टिपणं वाचलेला तो आवाज कुठेही अडखळत नव्हता.

त्या दोन आवाजांच्या खाली वैभवीला ऐकू आलं. आठवडाभर तिचे कान त्याच ठेक्याला लागले होते.

दोन.

थांबा.

तीन.

"...असे सूत्रांकडून समजते. शेअर बाजारात मात्र..."

थांबा. मग फरशीवरून फरफटत गेलेलं अंग. लांबलचक. आणि दाराच्या फटीतून कुजबुजीएवढा आवाज. सुनयनाचा होता तो, की नव्हता, तिला शपथेवर सांगता आलं नसतं :

"वैभू, मोठा कर गं राजा."

सुनयना तिला वैभू कधीच म्हणत नसे.

चाळीस सेकंद. वहीत तीनदा लिहिलेले चाळीस सेकंद.

वैभवी धावली ती दाराकडे नाही, स्वयंपाकघराकडे. तिने आईच्या मुठीतून बत्ता ओढला. आईने सोडला नाही. दोघी मायलेकी एका लोखंडाला धरून खेचत राहिल्या, आईची नखं तिच्या मनगटात रुतली, रक्त आलं. "नको गं," आई दातांतून म्हणत होती, "नको, अब्रू जाईल, नको." वैभवीने तिला खांद्याने ढकललं. आई ओट्यावर आदळली. जन्मदात्या आईवर हात टाकला, हा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला आणि तो पुरा व्हायच्या आत ती दाराशी होती.

बिल्डरने दारं हलकी लावली होती, नुसत्या पोकळ फळ्या. पहिल्या घावात कडीशेजारचं लाकूड फुटलं. दुसऱ्यात हात कोपरापर्यंत आत गेला आणि ढलप्यांनी सोलून निघाला. तिसऱ्यात स्क्रूसकट कडी तुटून आत पडली.

७

तिने पाहिलं ते डोळ्यांच्या एका उघडझापीपुरतं.

विश्वजितची पाठ. त्याच्या मुठीत मागून धरलेले केस. त्या केसांखालचं डोकं कपाटापासून वीतभर अंतरावर, आणि त्याचा दंड मागे खेचलेला, पुढच्या झटक्यासाठी.

आणि आरसा. आरशात सुनयनाचं तोंड दिसायला हवं होतं, पण दिसत होतं ते तिचं नव्हतं. ओठ फुटलेला, कुंकू कपाळभर पसरलेलं, कानांत मोत्यांच्या कुड्या. वैभवीने त्या कुड्या आईच्या लग्नाच्या फोटोत पाहिल्या होत्या. ती जेमतेम तिशीतली बाई आरशातून सरळ वैभवीकडे बघत होती, आणि रक्ताळलेल्या दातांनी हसायचा प्रयत्न करत होती. लहान पोर घाबरू नये म्हणून हसतात तशी.

"मोठा कर," तिचे ओठ म्हणाले.

"नाही," वैभवी म्हणाली.

विश्वजित वळला. बत्ता त्याच्या दंडाच्या हाडावर बसला. आत काहीतरी काडकन मोडलं. मूठ उघडली. तो कोपर धरून पलंगाच्या कडेला घसरला आणि लहान मुलासारखा ओरडला, "आई गं! आई, बघ ना ही!"

आरशात आता सुनयना होती. तिचंच तोंड, तिचाच फुटलेला ओठ. आरसा अख्खा होता.

वैभवीने तिला काखेत धरून उठवलं आणि खोलीबाहेर आणलं. सुनयनाचे पाय टेकत नव्हते. बाहेरच्या खोलीत आप्पा उभे होते. त्यांच्या हातात अजून पेपर होता.

"आधी दार लाव," ते म्हणाले. "मग काय ते बोलू. घरातली गोष्ट घरात..."

"नाही लावणार."

"वैभवी, मी सांगतोय."

"तुम्ही सांगताय म्हणूनच नाही." तिने पायाने फ्लॅटचं मुख्य दार ढकललं. ते भिंतीवर आपटलं. जिन्यात खालच्या मजल्याचं दार उघडलं, विजयालक्ष्मीअम्मांची हाक आली, "क्या हुआ बेटा? कौन गिरा?" वरच्या जिन्यावर पावलं थांबली. "पोलिसांना फोन मी बूथवरून करणार आहे. तुम्ही दोघं आता काय लावताय ते लावा. पेपर वाचा. दाणे कुटा. आवाज मी नाही वाढवणार. आज नाही, यापुढे कधीच नाही."

आतून विश्वजित विव्हळत होता. तिच्या अंगाला टेकलेली सुनयना आता रडत होती. हुंदके दाबायचं सोडून, तोंड उघडं टाकून, मोठ्याने. जिन्यात उभी असलेली माणसं ते ऐकत होती.

आप्पांनी पेपर वर धरला. ओळ शोधली. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

स्वयंपाकघराच्या दारात आई आली होती. पिठाळलेला हात तिने चौकटीवर ठेवला होता. ती सुनयनाच्या फुटलेल्या ओठाकडे बघत होती, टक लावून, आणि तिचे स्वतःचे ओठ हलत होते. वैभवीने ते वाचले. दाराच्या फटीतून आलेले तेच चार शब्द होते, मोठा कर गं राजा. पुन्हा, आणि पुन्हा.

त्यांना आवाज नव्हता.